आकडा चुकला की पट्टा?

प्रश्न : आईचं वय 68, बीपीची एक गोळी चालू आहे. नवीन डिजिटल यंत्रावर लागोपाठ मोजलं तर वरचा आकडा 162, 149, 155 असा आला. त्याच आठवड्यात दवाखान्यात 138/82 होतं. सोप्यावर बसून, हात मांडीवर ठेवून मोजतो. आईचा दंड जाड आहे. यंत्र परत करावं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : इतक्यात नको. आधी शिंप्याची टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. यंत्रासोबत बहुधा 22 ते 32 सेंटीमीटरचा पट्टा येतो. तो आकडा पट्ट्यावरच छापलेला असतो. आईंचा घेर 34 भरला, तर दोष यंत्राचा नाही. अपुऱ्या पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाला सगळीकडून सारखी दाबत नाही, धमनी बंद व्हायला जास्त दाब लागतो आणि तोच जास्तीचा दाब पडद्यावर दिसतो. त्याच कंपनीचा, त्या यंत्राला चालणारा मोठा पट्टा वेगळा मागवा. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला, तर उलट आकडा कमी येतो आणि ती चूक जास्त धोक्याची, कारण घरचे निर्धास्त राहतात.

दुसरी चूक मांडीवरच्या हाताची. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली राहिला, तर आकडा 7–8 ने वाढतो. सोप्यावर हाताला टेकू नसतो. त्यापेक्षा जेवणाच्या टेबलाशी पाठीच्या खुर्चीवर बसवा, हाताखाली उशी द्या, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. बाही गुंडाळून वर सारू नका, घट्ट बाही दंड आवळते. हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने. पट्ट्याखाली एक-दोन बोटं शिरावीत, इतकाच घट्ट.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. मग पाच मिनिटं गप्प बसावं. बोलणंही बंद. पट्ट्यात उमटणारी रक्ताची थरथर टिपून हे यंत्र आकडे काढतं, त्यामुळे हात हलला की हिशेब बिघडतो.

सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्याचा आकडा जास्त, तोच हात कायम ठेवा. त्यानंतर सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी 24 नोंदींची सरासरी काढा. घरी ती 135/85 किंवा त्याहून जास्त असेल, तर वही डॉक्टरांना दाखवा. त्या वेळी यंत्रही न्या आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहा. एकेका आकड्यावरून आईंना घाबरवू नका. लागोपाठच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच. मात्र पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण पुन्हा पुन्हा येत असेल, तर ईसीजी काढून घ्या. ठोके अनियमित असले की या यंत्राच्या आकड्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न : मनगटाचं यंत्र घ्यावं का? आमचं जुनं दंडाचं यंत्र पावसाळ्यानंतर सुरूच होत नाही.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : दंडाचंच घ्या. मनगट थोडं वाकलं किंवा खाली राहिलं तरी आकडा बदलतो. दंडाला कोणताच पट्टा बसत नसेल, तर मनगटाचा विचार करावा. जुन्या यंत्राचे सेल काढून पाहा. आपल्या दमट हवेत सेल पाझरून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. तो कोरड्या कापडाने हलकेच पुसून नवीन सेल घाला. यंत्र महिनाभर वापरणार नसाल, तर सेल बाहेर काढून ठेवा आणि नळीला घडी पडू देऊ नका.

प्रश्न : एकदम 184/122 दिसलं, तर जादा गोळी द्यावी का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : स्वतःच्या मनाने नको. एकदम खाली आणलेला दाबही मेंदूला घातक ठरू शकतो. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढाच आला आणि त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं, यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका; लगेच 108 लावा.