बीएनपी १४० वरून ८६०: सहापट वाढ झालीच असं नाही

तुमचे वडील ७४ वर्षांचे, पायांवर सूज, जिना चढताना धाप. दोन महिन्यांपूर्वी बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं संप्रेरक) १४०, परवा दुसऱ्या लॅबमधून ८६०. ‘हृदय सहापट खराब झालं का?’ असं तुम्ही विचारलंय. तुम्ही टाकलेला दुसरा रिपोर्ट नीट वाचा, त्यावर एनटी-प्रोबीएनपी लिहिलंय. तपासणीच वेगळी आहे, त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी किंवा भागाकार करता येत नाही.

हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात आणि तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा बीएनपी हा कामाचा तुकडा. तो मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि अल्डोस्टेरॉन या मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला आवर घालतो. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला असं काही काम नाही. बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा होतो, दुसरा तासाभराहून जास्त टिकतो. त्यामुळे एकाच माणसात, एकाच दिवशीसुद्धा, दुसरा आकडा कित्येक पट मोठा येतो. तुमचे दोन्ही रिपोर्ट कदाचित एकच गोष्ट सांगत असतील.

हृदय हा नुसता पंप नसून ग्रंथीसारखं वागतं, हे कळलं १९८१ मध्ये. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीचं आणि त्यातून जाणाऱ्या सोडियमचं प्रमाण झपाट्याने वाढलं. त्या कप्प्यांतल्या पेशींमध्ये बारीक कण असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली १९५० च्या दशकातच दिसलं होतं. ते कशासाठी, याचं उत्तर मिळायला पाव शतक गेलं. तो पदार्थ म्हणजे एएनपी, बीएनपीचा भाऊबंद. बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडला. तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतो हे नंतर उमगलं, पण नावातला मेंदूचा, म्हणजे ‘ब्रेन’चा ‘बी’ तसाच राहिला.

आता रिपोर्टवर मर्यादा म्हणून छापलेल्या १२५ बद्दल. ओपीडीतल्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपी मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकण्याची) शक्यता फार कमी, एवढाच त्याचा अर्थ. वर गेला म्हणजे हार्ट फेल्युअर, असं नाही. लॅबवाले लाल रंग लावून मोकळे होतात आणि घरच्यांची झोप उडते. अचानक धाप लागून कॅज्युअल्टीत आलेल्यांसाठी हिशेब वेगळा: ३०० च्या खाली असेल तर अचानक झालेलं हार्ट फेल्युअर बहुधा नाही, ते आहे असं म्हणायला पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरमध्ये ९००, त्यापुढे १८०० च्या वर लागतो. ही तपासणी आजार ‘नाही’ हे सांगायला जास्त भरवशाची.

वय, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आणि वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावल्याची खूण), तिन्हींनी आकडा वर जातो. वडिलांचे ठोके अनियमित आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ८६० मधला काही वाटा त्याचा असू शकतो. स्थूल माणसात उलट: आकडा फसवा कमी येतो आणि खरा आजार निसटतो. पायांच्या सुजेचं म्हणाल तर बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का ते बघा, त्या गोळीनेही घोटे सुजतात. पण ती मनाने बंद करू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन ही हार्ट फेल्युअरवरची गोळी बीएनपी तोडणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराला अडवते, म्हणजे हृदयाच्याच औषधाला टिकू देते. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत आठ हजारांवर रुग्णांत एनालाप्रिल या जुन्या औषधापेक्षा ती सरस ठरली. साहजिकच ती घेणाऱ्याचा बीएनपी वाढलेला दिसू शकतो. त्याच्यासाठी एनटी-प्रोबीएनपीच करायचा. बीएनपी बाहेरून देण्याचा प्रयोगही झाला. नेसिरिटाइडवर, म्हणजे औषध म्हणून बनवलेल्या बीएनपीवर, सात हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी २०११ मध्ये आली, मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं काही कमी झालं नाही.

तेव्हा दोन्ही रिपोर्ट, ईसीजी आणि गोळ्यांची यादी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तो करावाच लागेल. पुढे तपासणी करायची तर एनटी-प्रोबीएनपीच, आणि त्याच लॅबमध्ये. तोवर रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आडवं झाल्यावर धाप लागून उठून बसावं लागलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.