पहिल्या सेमिस्टरला कोडिंग की डिझाइन?

प्रश्न : मी नाशिकच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला इंटरॅक्टिव्ह मीडिया डिझाइन (म्हणजे वापरणाऱ्याला प्रतिसाद देणारे स्क्रीन आखणं) शिकवणार आहे. निम्म्या पोरांनी कधी कोडिंग केलेलं नाही, लॅबमधले कॉम्प्युटरही जुनेच आहेत. सुरुवात कशाने करू?

उत्तर : ताई, सॉफ्टवेअर आधी उघडूच नका! पहिल्या आठवड्यात पोरांना स्टेशनवरच्या तिकीट मशीनपाशी तासभर नुसतं उभं करा, लोक कुठे अडकतात, बोट कुठे जातं, मागे कधी फिरतात ते वहीत लिहायला लावा, मग तेच स्क्रीन कागदावर काढून एकाने मशीन व्हायचं आणि दुसऱ्याने बोट लावलं की पुढचा कागद सरकवायचा. याला खर्च शून्य, आणि वापरणारा कुठे गोंधळतो ते लगेच दिसतं.

कोडिंगसाठी पी५.जेएस घ्या. २००१ साली बेन फ्राय आणि केसी रीस यांनी सुरू केलेल्या प्रोसेसिंगचाच, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायच्या साधनाचाच, हा ब्राउझरमधला अवतार, फुकट आहे, इन्स्टॉल काही करावं लागत नाही, त्यामुळे जुन्या मशीनवरही साधे स्केच (यातले छोटे प्रोग्राम) चालतात. पहिला धडा एवढाच : गोलाच्या जागेचे आकडे काढून तिथे माऊसएक्स, माऊसवाय (माऊसची आडवी आणि उभी जागा) टाका, की गोल माऊसमागे पळतो. मग बॅकग्राउंडची, म्हणजे पडदा रंगवून आधीचं पुसणारी, ओळ ड्रॉ या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातून उचलून सेटअप या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात न्या, आता जुना गोल पुसलाच जात नाही आणि रेघ उमटते, म्हणजे ब्रश तयार! असं का झालं हे तुम्ही सांगू नका हं, पोरांनाच शोधू द्या, ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो हे तिथेच डोक्यात बसतं.

मार्क देताना मात्र नुसतं चकाचक काम बघू नका, ते दुसऱ्याला वापरायला दिल्यावर पोरांनी त्यात काय बदललं ते विचारा.