शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टने मृत्यू खरंच कमी होतात का? दोन अभ्यास दोन गोष्टी का सांगतात?

तुमचा प्रश्न असा: 2009 चा अभ्यास म्हणतो चेकलिस्टमुळे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, 2014 चा म्हणतो फरकच पडला नाही, मग प्रबंधात कुठला धरायचा? दोन्ही धरा. मी भूलतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचून खात्री करायची ही यादी रोज ऐकतो. मला त्या दोघांत भांडण दिसत नाही.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेची ही 19 मुद्द्यांची यादी 2008 साली आली. ती आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यात लंडन, टोरांटो होतं तसं टांझानियातलं इफाकाराही. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, गुंतागुंत 11 वरून 7 वर. दुसरा अभ्यास कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा: 101 रुग्णालयं, यादी सुरू होण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन, मिळून दोन लाखांवर शस्त्रक्रिया. मृत्यू 0.71 वरून 0.65 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

पण ओंटारिओची सुरुवातच 0.71 पासून आहे, तिथे अजून खाली यायला वाव किती? शिवाय पहिल्या अभ्यासात नुसता कागद हातात दिला नव्हता. प्रत्येक ठिकाणी एक पथक शिकवायला, मागे लागायला होतं. (यादी न वापरणाऱ्यांचा, तुलनेसाठीचा वेगळा गट दोन्हीकडे नाही. तोंडी परीक्षेत हे विचारतीलच.)

खरी गोम 'टाइम आउट'मध्ये आहे. चीर देण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, आपलं नाव आणि काम सांगायचं, रुग्ण, जागा, शस्त्रक्रिया यांची खात्री करायची, गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का ते विचारायचं. प्रत्यक्षात सर्जन रुग्णावरची निर्जंतुक कापडं (ड्रेप) नीट करत असतात, सिस्टर भराभर वाचत खुणा करत जातात आणि मी मॉनिटरकडे बघत "हो, हो" म्हणतो. एकदा अँटिबायोटिकला मी असंच "दिलं" म्हणालो आणि भरलेली सिरिंज माझ्याच ट्रॉलीवर पडली होती. नवीन आलेल्या इंटर्नने ती नुसती बोटाने दाखवली, तोंडाने बोलायची त्याची छाती झाली नाही. फॉर्मवर त्या चौकटीत खूण होऊन गेली होती. तो फॉर्म अभ्यासात गेला असता, तर 'शंभर टक्के अंमलबजावणी'त जमा झाला असता.

म्हणून प्रबंधासाठी भरलेले फॉर्म मोजत बसू नका. नैतिकता समितीची परवानगी काढा, ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) कोपऱ्यात उभे राहा आणि टाइम आउटच्या वेळी किती जणांचे हात खरोखर थांबतात ते टिपा. पहिल्या काही केसेस मात्र हिशेबात धरू नका. तुम्ही उभे आहात म्हणून त्या दिवशी आम्ही सगळे शहाण्यासारखे वागू.