ताकद वाढवायची आहे, थोडं वजनही कमी करायचंय. ट्रेनर म्हणतो, बायकांनी हलकी वजनं आणि जास्त रेप्स (एकाच हालचालीच्या आवृत्त्या) करावेत. सहा दिवसांचं स्प्लिट (रोज वेगळा स्नायू) घेऊ की तीन दिवस फुल बॉडी (दरवेळी सगळं शरीर)?

तीन दिवस फुल बॉडी, आणि वजनं जड. ट्रेनरचं ऐकू नका. इतकं ठासून सांगतेय कारण त्याच सल्ल्यात माझे साडेचार महिने गेलेत.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी ४३ वर्षांची होते. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम माझ्याकडे आलं आणि आठवड्याभरात कंबर धरली. जिममध्ये जाऊन सरळ सांगितलं, ७० किलोच्या माणसाला उभं करायचंय. ट्रेनरनं फॉर्मवर 'टोनिंग' लिहिलं आणि २-२ किलोचे डंबेल हातात दिले. २० रेप्स. सोमवारी छाती, मंगळवारी खांदे असं करत पाय शनिवारी. शनिवारी बाबांची फिजिओथेरपी, त्यामुळे तो दिवस कायम बुडायचा. म्हणजे माणूस ज्या पायांच्या जोरावर उचलायचा त्यांनाच व्यायाम नाही! स्प्लिटचं दुखणं हेच. एक दिवस चुकला की तो स्नायू थेट पुढच्या आठवड्यावर.

मग जिम बदललं. तिथल्या बाईंनी आधी हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावलं, मग २० किलोचा रिकामा बार दिला. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसणं-उठणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), प्रेस (बार ढकलणं), रो (बार पोटाकडे ओढणं). ५ रेप्सचे ३ सेट, म्हणजे सलग पाचच्या तीन फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, आणि सगळे रेप्स नीट झाले तर पुढच्या खेपेला अडीच किलो जास्त. सुरुवातीला आकडे भराभर वाढतात, कारण स्नायू मोठे होण्याआधी मज्जासंस्था आहेत तेच स्नायू नीट वापरायला शिकते. पुढे वेग मंदावतो, तेव्हा रुटीन बदलत बसू नका. दहाव्या महिन्यात मी ७० किलो डेडलिफ्ट केलं. त्या संध्याकाळी बाबांना उठवलं तर म्हणाले, "आज हिसका नाही बसला."

आमचा दादा तेव्हा म्हणायचा, अंग पुरुषासारखं होईल, जड वजनं पैलवानांसाठी असतात. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं, चार वर्षांत माझ्या कपड्यांचं माप बदललेलं नाही. आणि पैलवानांचं म्हणाल तर १९४०च्या दशकात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांनाच जड वजनं उचलायला लावली होती, टप्प्याटप्प्यानं वाढवत. आता दादा घरी येतो तेव्हा बाबांना उठवायला मलाच हाक मारतो.

वजन कमी होणं मुख्यतः खाण्यावर आहे. व्यायामानं त्या काळात स्नायू टिकतात, एवढंच.

हलकी वजनं अगदीच फुकट नाहीत, हेही खरं. स्नायू वाढवायला २०-३० रेप्सही चालतात, पण सेट संपताना जेमतेम एक-दोन रेप्स शिल्लक उरायला हवेत. माझ्या हातातल्या २ किलोचे आणखी ४० सहज झाले असते.

रक्तदाब, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरच्या रुग्णासाठी ताकद कमावत असाल तर उचलायची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. रुग्णाच्या कमरेला बांधायचा पट्टा असतो, तो मला फार उशिरा कळला.