मेंदूत कडं असलेली गाठ आहे. स्पेक्ट्रोस्कोपीने ती टीबीची की कॅन्सरची हे कळेल का?

तुमच्या भावाला फिट आली, एमआरआयमध्ये गाठ दिसली आणि आता स्पेक्ट्रोस्कोपी सांगितली आहे. बायोप्सी टळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे. स्कॅन न पाहता निदान सांगणार नाही, पण ही तपासणी काय दाखवते ते सांगतो.

यात सुई टोचत नाहीत. त्याच एमआरआय मशीनवर गाठीवर एक छोटी चौकट ठेवतात आणि काही मिनिटांत आतल्या रसायनांचा आलेख मिळतो. निरोगी मेंदूत सगळ्यात उंच टोक असतं एनएए या रसायनाचं, आलेखाच्या आडव्या पट्टीवर २.० पीपीएम या जागी, ती जिवंत चेतापेशींची खूण. ३.२ ला कोलीन, हे पेशींच्या आवरणाशी संबंधित रसायन. पेशी भराभर वाढत असल्या की ते चढतं, म्हणून ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्याच पेशींपासून होणाऱ्या ट्यूमरमध्ये, सहसा कोलीन वर आणि एनएए खाली दिसतं.

टीबीच्या गाठीत आतला भाग मेलेला, चरबीयुक्त असतो. तिथे १.३ च्या आसपास लिपिडचं, म्हणजे चरबीचं, एकच मोठं टोक उठतं, बाकी आलेख जवळपास सपाट. फीतकृमीच्या अळीच्या गाठीत लिपिड सहसा इतकं ठळक नसतं. पू असेल तर ०.९ ला अमिनो आम्लं दिसू शकतात.

पण नुसतं लिपिड पाहून मी कधीच 'टीबी' लिहीत नाही. आतून कुजलेला ट्यूमरही लिपिड दाखवतो. अशा वेळी गाठीच्या भिंतीत कोलीन किती आहे ते बघावं लागतं, आणि टीबीतही ते थोडं वाढलेलं असू शकतं. गाठ सेंटीमीटरभराची असली तर चौकटीत शेजारचा मेंदू येतो. कवटीला लागून असली तर डोक्याच्या कातडीखालची चरबी आलेखात मिसळते आणि टीबीचा भास होतो! म्हणून आलेखाबरोबर चौकट कुठे ठेवली होती तेही चित्र डॉक्टरांना दाखवा.

बायोप्सी कधी टळते, कधी नाही. मात्र छातीचा सीटी झाला नसेल तर त्याबद्दल जरूर विचारा, आणि मानेत गाठी आहेत का तेही तपासून घ्या. तिथे टीबी सापडला तर नमुना तिथूनच घेता येतो. मेंदूला हात लावायची वेळ बहुतेकदा येत नाही. तोवर फिटची गोळी एकही दिवस चुकवू देऊ नका.