काम कोण करतंय ते आधी लिही

प्रिय मुली,

कादंबरी आणि चित्रपट यांत वर्ग आणि लिंगभाव (बाई-पुरुषपणाचे समाजाने ठरवलेले साचे) कसे दिसतात, यावरचा तुझा मसुदा वाचला. प्रस्तावनेत 'पितृसत्ता' आहे, 'वर्गसंघर्ष' आहे, 'चिकित्सक दृष्टी' आहे. कादंबरीतलं पहिलं वाक्य पाचव्या पानावर येतं आणि चित्रपटातला एकही शॉट सबंध मसुद्यात नाही. सोबतच्या चिठ्ठीत विचारतेस, 'बाई, वर्ग घेऊ की लिंगभाव? सर म्हणतात एकच धर, मला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.' येत नाहीत हे बरंच आहे. पण तुझी अडचण निवडीची नाहीच. तू अजून नीट पाहिलेलं नाहीस आणि निवाडा द्यायला बसली आहेस.

एकच सांगते, आणि पत्रभर तेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. प्रसंग कोणताही असो, काम कोण करतंय ते आधी लिही. मग त्या कामाचा दाम कोणाला मिळतो. मग मान कोणाला. काम, दाम, मान असे तीन रकाने आखायचे. सिद्धांताला नंतर बोलवू.

समज, एका घरातला प्रसंग आहे आणि त्यात मालक, मालकीण, गडी आणि मोलकरीण आहेत. मालक आणि मालकीण यांची तुलना केलीस तर वर्ग तोच राहतो, लिंग बदलतं. जो फरक दिसेल तो बहुतांशी लिंगभावाचा. मालकीण आणि मोलकरीण शेजारी ठेवल्यास तर लिंग तेच, वर्ग बदलतो. गडी आणि मोलकरीण यांची तुलना फार कमी लोक करतात, आणि तिथेच खरं सापडतं: एकाच घरात राबणाऱ्या दोघांपैकी पैसे कोणाच्या हातावर पडतात, अंगणातून हाक कोणाला येते, स्वयंपाकघरात कोणाला येऊ देतात. चारही कोपरे भरतील असे प्रसंग निवड. एखादा कोपरा रिकामाच राहिला तर तसं नोंदव. घरात भांडी घासलेली आहेत पण घासणारी कुठेच नाही, हीसुद्धा नोंदच आहे. सरांना सांग, दोन विषय नाहीत, एकाच तक्त्याच्या आडव्या आणि उभ्या ओळी आहेत.

जातीचं वेगळं प्रकरण करून शेवटी जोडू नकोस. ती चारही कोपऱ्यांत असते. आडनाव कोणाला दिलंय, कोणाला नुसतं नाव, कोणाला तेही नाही? कोणाचं भांडं वेगळं ठेवलंय? कोण ओसरीपर्यंत येतं, कोण अंगणातच थांबतं? उच्चवर्णीय घर असलं की लेखक जात लिहीत नाही, ते नुसतं 'घर' असतं. हे न लिहिणंही तक्त्यात घ्यायचं.

आता कादंबरी. सबंध कादंबरीवर एकदम बोलू नकोस. बारा ते पंधरा पानांचा सलग तुकडा घे, त्याची छायाप्रत काढ आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बस. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण ते समासात लिही. दोन-तीन पानांतच नमुना दिसू लागतो: एका पात्राच्या वाट्याला 'ठरवलं, पाठवलं, सही केली' आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'थबकली, हसली, डोळे पुसले'. आणि तिसरं पात्र असं, की त्याच्या नावावर क्रियापदच नाही, तरी त्याचं काम झालेलं आहे.

हे तिसरं हुडकण्यातच खरी मेहनत आहे, कारण मराठी वाक्यात काम करणाऱ्याला पुसून टाकायची सोय फार सहज आहे. 'चहा आला.' 'पानं मांडली गेली.' 'दिवे लागले.' 'अंथरुणं पडली.' चहा आपल्या पायांनी आला का? अशा प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मार आणि समासात विचार, कोणी? उत्तर बहुधा एकतर घरातली बाई असतं, नाहीतर नोकर. लेखक दुष्ट असतो म्हणून हे होत नाही. त्याच्या वर्गाला चहा असाच येत आलेला असतो. या लाल रेघांची बेरीज ज्या प्रकरणात जास्त, त्या प्रकरणात वर्ग आणि लिंगभाव दोन्ही भरलेले असतात, 'शोषण' हा शब्द तिथे एकदाही आलेला नसला तरी.

दुसऱ्या वाचनात संबोधनं. कोण कोणाला 'तू' म्हणतं, कोण 'तुम्ही', कोण नुसतं 'अहो' म्हणून थांबतं. मालकिणीहून वयाने मोठ्या मोलकरणीला 'अगं' येतं का, ते बघ. एकाच पात्राचं संबोधन मध्येच बदललं तर ती जागा सोडू नकोस. तिथे काहीतरी उलटलेलं असतं. तिसऱ्या वाचनात बोली. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त नोकरांच्या, खेड्यातल्या माणसांच्या तोंडी असेल, तर ती बोली विचार मांडायला वापरली आहे की हसवायला, ते प्रत्येक संवादासमोर लिही. आवृत्तीचं वर्ष आणि प्रकाशन टिपून ठेव, नाहीतर पृष्ठ क्रमांक जुळणार नाहीत. कादंबरी आधी नियतकालिकात क्रमशः आली असेल तर प्रकरणांच्या शेवटाकडे वेगळं बघ. तिथली उत्कंठा कधीकधी पुढच्या अंकाच्या खपासाठी असते.

चित्रपटाचं काम याहून चिवट. तीन मिनिटांचा एक प्रसंग घे. आधी आवाज बंद करून बघ. मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐक. त्यानंतर पॉज करत शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, मोज. तीन मिनिटांत 24 शॉट भरले तर सरासरी शॉट साडेसात सेकंदांचा झाला. ही सरासरी हाताशी असली की एखादा 20 सेकंदांचा शॉट आपोआप डोळ्यांत भरतो, आणि तो कोणावर थांबलाय हे विचारता येतं. तक्त्याचे रकाने असे: वेळ, शॉट जवळचा की लांबचा, कॅमेऱ्याची उंची, कोण उभं, कोण बसलेलं आणि कशावर, हातात काय, कोण बोललं, कोणाचं बोलणं तोडलं, आवाज काय. पहिल्या खेपेला एका प्रसंगाला दोन-तीन तास जातात. जाऊ देत.

'हातात काय' हा रकाना कधीही गाळू नकोस. वर्तमानपत्र, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, मूल, झाडू, ताट: कोणाचं काम काय हे संवादाआधी हातातून कळतं. आणि चेहऱ्याचे सेकंद वेगळे मोज. एखादी मोलकरीण 180 पैकी 40 सेकंद चौकटीत असते आणि तिचा चेहरा जेमतेम 5 सेकंद. उरलेला वेळ पाठ, हात, पदर. असा आकडा हाती असला की 'दुय्यम पात्र' हे मोघम विशेषण लिहावं लागत नाही.

इथे एक ठेच नक्की लागते, ती प्रतीची. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले असतात. आजच्या रुंद पडद्यासाठी कोणी ती चौकट वरून-खालून कापून भरली असेल, तर सगळ्यात आधी जमिनीवर बसलेली माणसं जातात. म्हणजे तुला हवी तीच. मूळ चौकटीची प्रत मिळव. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर उलट बरं वाटू दे. मूकपट असेल तर गती तपास, चुकीच्या वेगात सगळेच विदूषक वाटतात. सबटायटल बंद कर. 'अहो' आणि 'ए' या दोन्हींच्या जागी तिथे एकच शब्द असतो, किंवा काहीच नसतं.

जोडी कोणती घेऊ, असंही विचारलंयस. 'शारदा' हे देवलांचं नाटक 1899 चं, आणि प्रभातचा 'कुंकू' 1937 चा. दोन्हींत म्हातारा नवरा आणि तरुण मुलगी. तू लगेच 'जरठ-बालाविवाह' म्हणून गठ्ठा बांधशील. थांब. पैसा कोण घेतो? नाटकात बाप, चित्रपटात मामा. सौदा कुठल्या जागी होतो, मुलगी त्या वेळी कोणतं काम करत असते, घरातली दुसरी बाई त्या सौद्यात काय मिळवते? तीन रकाने भर, मग बोल. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. घड्याळासारखे प्रसंगातलेच आवाज येतात. म्हणजे कोणाच्या दुःखाला सनई-सारंगी मदतीला येत नाही. हे ऐकल्याशिवाय त्या घरातल्या शांततेवर एक ओळही लिहू नकोस. आणि मधला 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला 'शारदा कायदा' म्हणतात, तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, नाटकाच्या नावाने नव्हे. तेवढी गल्लत टाळ.

किंवा 'उंबरठा' घे, 1982 चा, शांता निसळांच्या 'बेघर'वरचा. त्यावर लिहिणारे सगळे नायिका सुलभा घर सोडते तिथे जाऊन थांबतात. तू उलटं विचार. ती गेल्यावर तिच्या मुलीचं करतं कोण? ती नोकरीला जाते त्या महिलाश्रमात स्वयंपाक, झाडलोट, पहारा कोणाकडे, आणि त्या बायकांना त्याचा दाम काय? शिकलेल्या बाईचं बाहेर पडणं दुसऱ्या बाईच्या आत राहण्यावर कसं उभं असतं, हे एकदा तक्त्यात उतरलं की चित्रपट तुझ्याशी वेगळं बोलेल. त्याने सुलभा लहान होत नाही, हेही लक्षात ठेव. लोक इथे हटकून तिच्यावर खटला चालवतात.

'फँड्री' या चित्रपटावर लिहिणारे शेवटी मुलगा भिरकावतो त्या दगडावर उडी मारतात. तो दगड कॅमेऱ्याकडे येतो, मान्य. पण त्याआधीच्या डुक्कर पकडण्याच्या लांबलचक प्रसंगात आई आणि बहिणी कुठे धावतात, कुठे उभ्या राहतात, बघ्यांचे शेरे कोणावर पडतात? मुलाची लाज आणि बहिणीची लाज एकच आहे का? काम सगळ्या घराचं, संताप एकाचा. चौकट तो संताप कोणाला देते ते मोज.

पडद्यामागचं कामही कामच. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे, कारण पडद्यावर यायला बाई तयार होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. ही माहिती सगळे 'पहिली स्त्री' म्हणून नोंदवतात आणि पुढे जातात. तू विचार, कोणत्या बाईला तेव्हा 'बाई तयार होईना' या वाक्यात धरलं जात होतं आणि कोणत्या बाईला प्रतिष्ठेची भीती परवडतच नव्हती? रंगभूमीवर तर बालगंधर्वांची साडी आणि दागिने पाहून मध्यमवर्गीय स्त्रिया तशी वेशभूषा करत होत्या. घरंदाज बाई कशी दिसावी हे एका पुरुषाच्या अंगावरून ठरत होतं! यावर पन्नास पानं होतील, पण कोणती साडी, कोणत्या घरातून, किती किमतीची, हे आधी लिहिलंस तर.

आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे दलित आत्मकथन वाचल्याशिवाय 'आत्मकथन म्हणजे मी' असं लिहू नकोस. तिथे 'आम्ही' आहे. त्या 'आम्ही'त कोण कोण आहे, आणि वस्तीतल्याच बाईवर वस्तीतलाच पुरुष काय चालवतो, हे तिने लपवलेलं नाही. वर्गाची बाजू घेतली की लिंगभाव झाकावा लागतो, असं जे तुला वाटतंय, त्याला इतकं थेट उत्तर दुसरीकडे क्वचित मिळेल.

बेक्डेल कसोटी तू मोठ्या उत्साहाने लावली आहेस. दोन बायका, एकमेकींशी बोलणं, पुरुष सोडून दुसरा विषय. चाळणी म्हणून ठीक. पण सासू सुनेला 'दूध उतू गेलं' म्हणाली तरी आपला कौटुंबिक चित्रपट उत्तीर्ण होतो, आणि दूध कोणी तापवलं हे त्या कसोटीला कळतच नाही. 'सशक्त स्त्रीपात्र' हा शब्दही काढून टाक. सशक्त म्हणजे काय? ती ओरडली? घर सोडलं? तिच्या हातात पैसा किती, तो ती कोणाला न विचारता खर्च करते का, एवढं लिही. 'चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक आहे का' हा प्रश्नही सोडून दे. कादंबरीतलं कोणाचं काम चित्रपटात दिसेनासं झालं, एवढंच विचार.

तुला वाटेल, बाई साहित्याची हजेरीपत्रकं करायला लावताहेत. मला हे ऐकवलं गेलंय, आणि 'रसिकता नाही' असंही. म्हणू देत. रसिकतेच्या नावाखाली या भाषेत इतकी वर्षं नायिकेच्या डोळ्यांवर लिहिलं गेलं आणि तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या बाईचं नावही कोणी टिपलं नाही. मी मोजते ते कलाकृती कमी करायला नाही. मोजल्यावरच कळतं की चांगल्या लेखकाने कुठे मुद्दाम थांबून त्या बाईला एक वाक्य दिलंय. तो आनंद मोजल्याशिवाय मिळत नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. हे सगळं फार आधीच ठणकावून म्हणायला हवं होतं असं हल्ली वाटतं, पण तो माझा प्रश्न.

तू हुशार आहेस, म्हणून तुझा राग येतो. सिद्धांताची पुस्तकं वाचू नकोस असं नाही. ती तक्ता भरल्यावर वाच. मग त्यांतलं काय लागू पडतं आणि काय नुसतं भारदस्त आहे, हे तुलाच कळेल.

पुढच्या खेपेला प्रस्तावना पाठवू नकोस. कादंबरीतली पंधरा पानं लाल रेघांसकट, आणि चित्रपटातल्या दोन प्रसंगांचे तक्ते, हाताने लिहिलेले, 'हातात काय' रकाना भरलेला. एक प्रसंग जेवणाचा असू दे. त्यात कोण शेवटी जेवतं ते पडद्यावर दाखवलेलं नसेल, तर तक्त्यातली ती जागा रिकामी ठेव, अंदाजाने भरू नकोस.

तुझी,
बाई