बोटीवरची पिवळी पाटी: माणसे, वजन आणि एचपी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मित्रांनी मिळून बाहेरून आलेली, वापरलेली १४ फुटी फायबरची बोट घेतली. आत स्टिअरिंगची जागा रिकामी आहे, मोटर मागे बसून हाताच्या दांड्यानेच वळवायची. काठाजवळ एक पिवळी पाटी चिकटवलेली आहे. तिच्यावर ‘५ माणसे किंवा ७०० पौंड’, त्याखाली ‘१०५० पौंड: माणसे, मोटर, सामान’ आणि शेवटी ‘३५ एचपी’ असे लिहिले आहे. ४० एचपीची फोर-स्ट्रोक मोटर स्वस्तात मिळते आहे, आणि नर्मदेवर जायला पाच मोठे आणि दोन मुले असे सातजण तयार आहेत. पाच एचपीने काय बिघडते आणि दोन मुलांचे एक माणूस धरले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

चालणार नाही. मोटरही नको आणि सातजणही नकोत. नुसते नको म्हणून भागत नाही, म्हणून हिशोब मांडतो.

ही पाटी अमेरिकेतल्या नियमाची आहे. तिथे १९७२ पासून २० फुटांच्या आतल्या मोटरबोटींवर ती बसवावीच लागते. शिडाच्या होड्या, कनू, कयाक आणि हवा भरायच्या बोटी यांना त्यातून सूट आहे. म्हणजे तुमची बोट त्या बाजारासाठी बांधलेली आहे आणि हे आकडे बांधणाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने काढलेले आहेत, अंदाजाने टाकलेले नाहीत.

आधी माणसे बघू. ७०० पौंड म्हणजे ३१७ किलो. ‘५’ हा आकडा या वजनावरूनच काढलेला असतो: पौंडांत ३२ मिळवायचे आणि १४१ ने भागायचे. १४१ पौंड म्हणजे ६४ किलो. सरासरी ६४ किलोची पाच माणसे, असा त्या पाचाचा अर्थ. आपल्या ग्रुपमधले ६४ किलोचे किती आहेत ते तुम्हीच सांगा. ७५ किलोचे चार मोठे बसले की ३०० झाले, पाचवा मोठा माणूस बसूच शकत नाही. तुमचे पाच मोठे ३७५ आणि ३० किलोची दोन मुले ६०, म्हणजे ४३५ किलो. मर्यादेच्या वर ११८. पाटीवर दोन्ही आकडे असतात तेव्हा जो आधी संपेल तो धरायचा. म्हणून मुलांचे ‘अर्धे माणूस’ करून काही हाती लागत नाही. ती वजनाने हलकी असली तरी बाकीची चार डोकी एकीकडे बसलेली असताना दुसऱ्या काठाकडे धावतात तीच. तीन मोठे आणि दोन मुले नेलीत तर २८५ किलो आणि डोकी पाच, दोन्हींत बसते.

दुसरी ओळ पुष्कळ लोक वाचतच नाहीत. १०५० पौंड म्हणजे ४७६ किलो, आणि त्यात माणसांबरोबर मोटर, बॅटरी, पेट्रोल, नांगर, डबे सगळे आले. माणसांचे ३१७ बाजूला काढले की १५९ किलो उरतात. ४० एचपीची फोर-स्ट्रोक शंभराच्या आसपास भरते. बॅटरी १८, टाकीसह २५ लिटर पेट्रोल २२ किलो. झाले १४०. नांगर, साखळी, दोर दहा किलो, लाइफ जॅकेट पाच-सहा, वल्ही, बादली, पिण्याचे पाणी. डब्यांची पिशवी ठेवायच्या आतच १५९ संपतात. उलट मोटर हलकी घेतली म्हणून माणसे वाढवता येत नाहीत, कारण ३१७ ची मर्यादा वेगळी आहे. दोन्ही एकाच वेळी पाळायच्या असतात.

आता एचपी. तुमचा प्रश्न खरे तर इथेच आहे. बोटीची लांबी फुटांत घ्या, मागची रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा. तुमच्या बोटीची मागची रुंदी ५ फूट धरली तर १४ गुणिले ५, म्हणजे ७०. या एकाच ७० वरून तीन वेगवेगळे आकडे निघतात. मागची फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, २० इंच उंच असेल आणि पुढे बसून स्टिअरिंगने मोटर वळवायची सोय असेल तर ७० ची दुप्पट वजा ९०, म्हणजे ५० एचपी. तशी सोय नसेल, किंवा फळी त्याहून ठेंगणी असेल, तर ७० चे ०.८ पट वजा २५, म्हणजे ३१, आणि तो पुढच्या पाचाच्या पटीत नेऊन ३५. हाच तुमच्या पाटीवरचा आकडा. आणि अशाच स्टिअरिंग नसलेल्या किंवा ठेंगण्या फळीच्या बोटीचा तळ सपाट, कोपरे धारदार असतील तर ७० चे निम्मे वजा १५, फक्त २०. लांबी-रुंदी तीच, पण कोण कुठे बसून वळवणार, मागून पाणी किती उंचीवर थांबणार आणि तळ वळणावर कसा वागणार यावर २० ते ५० चा फरक पडतो. म्हणून ‘पाच एचपी तर जास्त आहेत’ हे वाक्य मला पटत नाही. हाताच्या दांड्यावर जास्त ताकद आली की बोट मागे बसलेल्या एका माणसाच्या मनगटावर अवलंबून राहते, आणि तो बसतो तिथेच मोटरचे वजन असते.

त्यात मोटरच्या कव्हरवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. मोटर बोटीला जोडायच्या ब्रॅकेटवर छोटी प्लेट असते, तिच्यावर किलोवॅट लिहिलेले असतात. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ३० किलोवॅट दिसले की ती ४० ची आहे.

नर्मदेवर आमच्या बाबतीत घडले ते सांगतो, कारण हे आकड्यांनी कळत नाही. चांदोदच्या वरच्या अंगाला, मित्राची १२ फुटी बोट, आम्ही पाच. पाटी वाचली होती, पण माणसेच मोजली, वजन मोजले नाही, आणि मागे पाटीपेक्षा मोठी मोटर होती. पाणी अगदी शांत. वाळूवर पडलेली मगर दाखवायला मित्राने एकदम थ्रॉटल सोडला. बोट थांबली, पण मागून येणारी आमचीच लाट थांबली नाही. ती ट्रान्समवरून सरळ आत आली. पेट्रोलची लाल टाकी पायाशी तरंगायला लागली. आम्ही दचकून उठलो आणि आत आलेले सगळे पाणी उठलेल्यांच्या बाजूला धावले. बोट त्याच अंगाला झुकली. “बसा, खाली बसा!” असे एकजण ओरडला म्हणून बसलो आणि बादलीने पाणी उपसले. पाणी फक्त घोट्यापर्यंत होते. वारा नव्हता, लाट नव्हती, दुसरी बोटही नव्हती. जास्तीचे वजन मागे होते, बस्स.

तुमच्या बोटीचा पाण्याला टेकणारा भाग साधारण साडेचार चौरस मीटर धरा. म्हणजे ४५ किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाते. सातजण आणि सामान मिळून तुम्ही ११५ किलो वर जाता, म्हणजे अडीच सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटते. पण वजन मागे असले की मागची फळी यापेक्षा बरीच जास्त खाली जाते, आणि आमची लाट तेवढ्याच फरकाने आत आली होती.

वापरलेली बोट आहे म्हणून एक गोष्ट नक्की तपासा. अशा बोटींच्या आतल्या फरशीखाली फोम भरलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी ती सपाट तरंगत राहावी म्हणून. किती फोम भरायचा हे पाटीवरच्या माणसांवरून आणि पाटीवरच्या एचपीला साजेशा मोटरच्या वजनावरून ठरते. पाटीपेक्षा मोठी मोटर लावली की तो हिशोबही गेला. आणि जुन्या बोटीत तो फोम वर्षानुवर्षे पाणी पितो. बाहेरून काही दिसत नाही. ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर न्या, फरक काढा. कंपनीच्या कागदातल्या वजनापेक्षा ५०-६० किलो जास्त निघाले तर पाटीवरचे आकडे त्या बोटीला लागू राहिलेले नाहीत.

युरोपातली बोट असेल तर पाटी वेगळी दिसते. एक अक्षर असते, ‘ए’ पासून ‘डी’ पर्यंतच्या रोमन वर्णांपैकी, आणि ‘डी’ म्हणजे ०.३ मीटरपर्यंतच्या लाटांचे, आडोशाचे पाणी. तिथे माणूस ७५ किलोचा धरतात. आपल्याला तो जास्त जवळचा.

पाटी असली म्हणजे परवाना मिळाला असे नाही. आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेला. इंजिन लावून बोट चालवायची तर नोंदणी आणि तपासणी हवी. विशेषतः कुणाकडून पैसे घेणार असाल तर आधी ते करा.

गरुडेश्वर, चांदोद किंवा चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला रामपुरा-तिलकवाडा भागात ज्या होड्यांतून आपण नदी ओलांडतो, त्यांच्यावर अशी पाटी बहुधा नसते. तिथे मी चढण्याआधी काठ पाण्यापासून किती वर आहे ते बघतो, आणि शेवटचे पाचसहाजण चढेपर्यंत परत बघतो. वीतभरही उरला नसेल तर मी पुढच्या नावेची वाट बघतो. आईवडिलांना दर्शनाची घाई असते, तरी थांबतो. २० फुटांच्या आतल्या साध्या बोटीला लांबी गुणिले रुंदी फुटांत काढून १५ ने भागले की अंदाज मिळतो. तुमच्या बोटीचे ते साडेचारच्या थोडे वर येते, म्हणजे चार.

बडोदेकर असल्यामुळे मला या प्रश्नात ‘एक-दोन जास्त’ हे शब्द ऐकवत नाहीत. १९९३ साली आमच्या सूरसागर तलावात बोट उलटून २२ माणसे गेली. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते.

तेव्हा ४० ची मोटर सोडा आणि ३० ची बघा. आणि घेण्याआधी ट्रान्समची उंची मोजा, वरच्या कडेपासून तळापर्यंत. ३८ सेंटिमीटरच्या आसपास आली तर आखूड शाफ्टची मोटर लागेल, ५१ आली तर लांब शाफ्टची. चुकीची घेतलीत तर ३० ची असूनही पंखा एक तर हवेत फिरेल नाही तर खाली ओढत जाईल. पाण्यात पहिल्यांदा उतरवाल तेव्हा माणसांऐवजी रेतीच्या ५० किलोच्या सहा गोण्या ठेवा, काठावर चिकटपट्टी लावून पाण्याची रेघ खूण करा, मग एक गोणी कडेला सरकवा आणि रेघ किती हलते ते बघा. मोजमाप आणि वजनकाट्याचा आकडा इथे लिहा, म्हणजे कुठली मोटर बसेल ते नेमके सांगता येईल.